कापरेकर प्रक्रिया: संगणकावरील पडताळा

चार अंकी संख्येचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावायचे, मोठ्या संख्येतून लहान वजा करायची आणि आलेल्या उत्तरावर तेच पुन्हा करायचे, ही कापरेकर प्रक्रिया. चारही अंक सारखे नसतील तर जास्तीत जास्त ७ फेऱ्यांत ६१७४ येते आणि पुढे तेच येत राहते. उदा., ३५२४ वरून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. हा गुणधर्म द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी १९४९ मध्ये शोधला. त्यांचा जन्म तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणूचा, माध्यमिक शिक्षण ठाण्यात आणि नोकरी देवळालीत शिक्षकाची.

पायथन ही संगणकीय भाषा नुकती शिकू लागलेल्यांसाठी हे उत्तम उदाहरण आहे, कारण गणित वजाबाकीपलीकडे जात नाही. ठाण्याच्या एमएच-०४ किंवा नवी मुंबईच्या एमएच-४३ नंबरप्लेटवरचे शेवटचे चार अंक घ्यावेत. ते स्ट्रिंग म्हणजे मजकूर म्हणूनच ठेवावेत. ‘सॉर्टेड’ने अंक चढत्या क्रमाने लावावेत, ‘जॉइन’ने जोडावेत, उलट क्रमाची दुसरी स्ट्रिंग करावी, दोन्ही ‘इंट’ने पूर्णांकात बदलून वजाबाकी करावी. उत्तर ६१७४ येईपर्यंत ‘व्हाइल’ लूप (तीच कृती पुन्हा पुन्हा करणारी रचना) चालवावा आणि फेऱ्या मोजाव्यात. ‘इंट’ला देवनागरी अंकही वाचता येतात; छापताना मात्र पायथन इंग्रजी अंकच (0 ते 9) देते.

हमखास चूक होते ती शून्यात. ०००७ ही नंबरप्लेट पूर्णांक म्हणून वाचली की उरतात फक्त ७, आणि ७ वजा ७ शून्य. चार अंक राखले तर ६९९३, ६२६४, ४१७६, ६१७४ असा नीट प्रवास होतो. शून्य मध्येच गळते तेव्हा चूक पटकन दिसत नाही: २१११ वरून ०९९९ येते, त्यातले पहिले शून्य गेले की ९९९ वजा ९९९ होते. म्हणून प्रत्येक फेरीच्या आरंभी पुढे शून्ये जोडणाऱ्या ‘झेडफिल’ला ४ देऊन लांबी पूर्ण करावी. ११११ सारख्या संख्या आधीच वगळाव्यात, नाहीतर लूप थांबतच नाही. प्रत्येक उत्तराला ९ ने नि:शेष भाग जायलाच हवा. गेला नाही तर चूक कोडमध्ये आहे.

मग ‘फॉर’ लूपने ०००० ते ९९९९ तपासावे. सारख्या अंकांच्या १० संख्या सोडल्या तर उरलेल्या सर्व ९,९९० संख्या ६१७४ ला पोचतात. २,१८४ संख्यांना पूर्ण ७ फेऱ्या लागतात, ३ फेऱ्या लागणाऱ्या सर्वाधिक, २,४००. इथे कागदही जवळ घ्यावा. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील तर वजाबाकी ९९९(अ−ड) + ९०(ब−क) एवढी येते. या दोन फरकांच्या ५४च जोड्या शक्य आहेत, म्हणजे पहिल्या फेरीनंतर ५४ संख्या तपासल्या तरी पडताळा पूर्ण होतो.

६१७४ सारखा, शेवटी येऊन टिकणारा तीन अंकी संख्यांचा स्थिरांक ४९५. दोन अंकींना तो नाही: ०९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. तिथे आलेली उत्तरे यादीत साठवावीत आणि एखादे दुसऱ्यांदा आले की लूप थांबवावा.