रॉडचं गाईड आलं कुठून: अकीक, विडिया आणि मागावरची चिनी मातीची कडी

आमच्या लहानपणी गळ म्हणजे काय, तर बेटातनं तोडलेली बांबूची काठी, टोकाला बांधलेलं तंगूस, मधे मोराच्या पिसाच्या दांडीचा तुकडा तरंगायला आणि गरीला गांडूळ. मार्कंडेयच्या डोहावर नाहीतर खानापूरकडं मलप्रभेच्या काठाला बसायचं, लागली तर चिलापी, नाहीतर हात हलवत घरी. त्या काठीला गाईड, म्हणजे लाइन ज्यातनं ओवून पुढं जाते ती कडी, नव्हतं आणि गरजही नव्हती, कारण तंगूस टोकालाच बांधलेलं, ते पळणार कुठं.

आता बेळगावात, खानापुरात, निपाणीकडं पोरं स्वतः रॉड बांधालेत. ब्लँक म्हणजे रॉडची नुसती काठी मागवतात, रील सीट म्हणजे रील बसवायची बैठक मागवतात, आणि गाईडपाशी आलं की सगळ्यांची गाडी अडते. रिंग अॅल्युमिनाची की एसआयसीची, गाईड एका पायाचं (सिंगल फूट) की दोन पायांचं (डबल फूट), पहिलं २५ नंबरचं घ्यायचं की ३० चं, मायक्रो म्हणजे अगदी लहान गाईड कुणासाठी, के फ्रेम म्हणजे काय. नुसता साइजचा तक्ता बघून हे समजत नाही असं माझं मत आहे, कारण त्यातली प्रत्येक गोष्ट कधीतरी कसल्यातरी दोऱ्यानं त्रास दिला म्हणून आलीय. लाइन बदलली की कडी बदलली, बाकी सगळी शोभा.

सुरुवात रीलपासनं, म्हणजे दोरा गुंडाळायच्या चकरीपासनं. चीनमधला मा युआन नावाचा चित्रकार, त्याच्या साधारण ११९५ सालच्या चित्रात होडीत बसलेला माणूस रीलच्या काठीनं मासे धरताना दिसतो. इंग्लंडात रीलचा लिखित उल्लेख येतो १६५१ ला, थॉमस बार्करच्या पुस्तकात. रील आली म्हणजे दोरा पळायला लागला, आणि पळणारा दोरा काठीजवळ धरून ठेवायला टोकाला एक फासा, मग खाली आणखी कड्या. लाइन तेव्हा घोड्याच्या शेपटीच्या केसांची पिळलेली, नंतर रेशमाची. त्या काळच्या कड्या ढिल्या असायच्या, काठीवर आडव्या पडायच्या, बायकांच्या पैंजणाच्या कड्या लोंबतात तशा. रेशीम ओलं झालं की काठीला चिकटतं आणि लांब जात नाही, म्हणून मग कडी उभी केली, पाय देऊन काठीपासनं वर उचलली. गाईडला ‘पाय’ का असतात याचं उत्तर एवढंच आहे. फ्लाय रॉडवरचं (नकली माशी लावून मारायचा रॉड) तारेचं नागमोडी स्नेक गाईड त्याच वाटेवरचं, हलकं आणि स्वस्त.

इथं एक आडवी गोष्ट सांगतो. अमेरिकेत १८४० च्या दशकात पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनच्या सॅम्युएल फिलिपनं बांबू चिरून, पट्ट्या चिकटवून रॉड केले. पुढं कितीतरी वर्षं तिकडचे कारागीर वापरायचे तो बांबू ‘कलकत्ता केन’, म्हणजे आपल्याच देशातला, चीनचा टोंकिन बांबू त्यानंतर आला. बांबू आपला गेला आणि रॉड आपण आज बाहेरनं मागवतोय, असो.

आता खरा मुद्दा, झिजणं. लोकांना वाटतं लाइन कडीला कापते. नुसती लाइन एवढ्यात कशाला कापेल ओ, ती कडीपेक्षा किती मऊ. पटकन कापतो तो गाळ. पावसाळ्यात मलप्रभेचं पाणी बघितलंय ना, लाल चहासारखं, त्यातली बारीक वाळू म्हणजे क्वार्ट्झ, कडकपणाच्या मोहस मापावर ७. साधं पोलाद त्याच्या खाली, पितळ तर कुठल्या कुठं. ओली लाइन ती वाळू पाठीवर घेऊन हजार वेळा एकाच जागेवरनं घासत गेली की कडीत खाच पडते, आणि मग ती खाच लाइनला खाते. विहिरीच्या काठाच्या दगडावर दोरानं खाचा पडलेल्या असतात ना, तसंच.

यावरचा एक जुना उपाय म्हणजे अकीक. अंगठीत घालतात तोच दगड, कडकपणा ७ च्या आसपास, घासून गुळगुळीत केलेली अकीकाची रिंग धातूच्या चौकटीत बसवायची. दिसायला फार देखणी, पण दगडावर आपटली की तडा, आणि तडा डोळ्याला दिसायच्या आधी लाइन तुटायची.

दुसरा उपाय आमच्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही लेथवाल्याला माहीत आहे, त्यानं फक्त तो गळाला लावून बघितलेला नाही. टंगस्टन कार्बाइड. १९२० च्या दशकात जर्मनीत क्रुप कंपनीनं ते बाजारात आणलं, नाव ठेवलं विडिया, म्हणजे जर्मनमधे ‘हिऱ्यासारखं’. आपल्याकडं आजही वर्कशॉपमधे कार्बाइडच्या टूलला विडियाच म्हणतात, कुणाला त्याचा अर्थ विचारलात तर हसतील. अमेरिकेत याच्याच कड्या गाईडला बसवल्या, खाच पडायचा प्रश्न जवळपास संपला. पण वजन! लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट जड. रॉडच्या टोकाला असलं वजन लावलं की रॉड मारल्यावर थरथरत राहतो, थांबतच नाही.

तोवर दुसरीकडं वेगळीच भानगड झाली होती. १९०५ ला ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ नावाच्या गिरणीवाल्यानं रीलचं पेटंट घेतलं ज्यात स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळलेली चकरी, फिरतच नाही, दोरा स्पूलच्या तोंडावरनं उलगडत बाहेर पडतो. गिरणीतल्या बॉबिनवरनं सुचलेलं. वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकरांच्या घरात वाढलेल्या पोराला हे सांगायची गरज नाही, कांडीवरनं सूत कसं भोवऱ्यासारखं सुटतं ते त्यानं रोज बघितलंय. ही स्पिनिंग रील. यात दोरा सरळ येत नाही, वेटोळी घालत येतो, म्हणून रीलजवळचं पहिलं गाईड मोठं, पुढचं लहान, त्यापुढचं आणखी लहान, म्हणजे नरसाळं. बेटकास्टरवर, म्हणजे स्पूल फिरणाऱ्या रीलवर, दोरा सरळ सुटतो म्हणून तिथं एवढं मोठं गाईड लागत नाही. ‘पहिलं किती नंबरचं’ हा प्रश्न म्हणूनच रीलला विचारायचा, रॉडला नाही.

१९३८ ला ड्यूपाँटनं नायलॉन जाहीर केलं, त्यातनं आपलं तंगूस आलं. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबरग्लासचे रॉड आले आणि स्पिनिंग रील घरोघरी गेली. आणि इथं परत गिरणी मदतीला आली. कापडगिरणीत सूत ज्या कडीतनं जातं ती कधीपासनं चिनी मातीची असते, कारण दिवसरात्र पळणारं सूतसुद्धा लोखंड कापतं. जपानच्या फुजी कंपनीनं गाईडमधे अॅल्युमिनियम ऑक्साइडची, म्हणजे अॅल्युमिनाची, सिरॅमिक रिंग बसवली ती याच घराण्यातली. कडकपणा ९, आणि वजन विडियाच्या पावपट. नंतर एसआयसी म्हणजे सिलिकॉन कार्बाइड, त्याहून कडक, त्याहून थोडं हलकं, आणि उष्णता पटकन पसरवणारं.

उष्णतेचं काय म्हणाल तर ते ब्रेडमुळं, म्हणजे विणलेल्या लाइनमुळं. १९९० नंतर डायनीमा-स्पेक्ट्राच्या विणलेल्या लाइन आल्या, त्यांचा धागा साधारण १४५ अंशाला वितळतो, नायलॉन त्यामानानं बरंच सोसतं. मोठा मासा ओढायला लागला की घासणीनं तेवढ्या जागी ऊन होतं, म्हणून चांगली रिंग. शिवाय ब्रेड मऊ, ढिला पडला की गाईडच्या पायाला गुंडाळतो. के फ्रेम नावाची गाईडची चौकट पुढं झुकलेली असते ती यासाठीच, गुंडाळलेला वेढा घसरून निघून जावा म्हणून. मायक्रो गाईडसुद्धा बारीक ब्रेड आला म्हणून शक्य झालं, पण लीडरची (लाइनच्या टोकाला जोडलेला वेगळा दोरा) गाठ जाड असेल तर तिथं अडकते, आणि आमच्या तळ्यातलं शेवाळ तर अडकतंच अडकतं.

मी काय केलं ते सांगतो. हिडकल धरणावर जायला म्हणून एक जुना रॉड स्वस्तात घेतला, कुणाकडनं ते जाऊ दे, तीनदा लाइन तुटली, तिन्ही वेळा लाइनला शिव्या घातल्या. शेवटी एका दोस्तानं कानात घालायची कापसाची काडी टोकाच्या रिंगमधनं फिरवली, कापूस टचकन अडकला. केसाएवढा तडा. आता नवीन बांधालोय त्यात सगळी एसआयसी घेतलेली नाहीत. रीलजवळचं आणि टोकाचं एसआयसी, कारण घासणी तिथंच जास्त, मधली अॅल्युमिनाची, पाच-सहा. चिकटवायच्या आधी टेपनं बांधून, लाइन ओवून, भावाला टोक ओढायला लावलं, रॉड पार वाकवून बघितला. लाइन दोन ठिकाणी ब्लँकला टेकत होती, मग एक गाईड वाढवलं आणि दोन चार-चार बोटं सरकवली. दोरा गुंडाळायचं काम वडगावच्या दोस्ताकडं दिलंय, त्याचा हात माझ्यापेक्षा सरळ आहे.