बाळ पडद्यावरून का शिकत नाही?

दीड वर्षाचे मूल मोबाइलच्या काचेवर सराईतपणे बोट फिरवून हवा तो व्हिडिओ लावते, तेव्हा त्यातले सारे त्याला उमगत असणार, असा पाहणाऱ्याचा सहज समज होतो. मात्र बोटांची सफाई वेगळी आणि आकलन वेगळे.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील ९ महिन्यांच्या बाळांना १२ बैठकांत मँडरिन चिनी भाषा ऐकवण्यात आली. ज्यांच्याशी चिनी भाषक समोर बसून खेळले आणि बोलले, त्या बाळांना या भाषेतील ध्वनींमधला सूक्ष्म फरक ओळखता येऊ लागला. त्याच व्यक्ती आणि तोच मजकूर ज्यांनी पडद्यावर पाहिला, त्यांच्यात असा कोणताही बदल आढळला नाही. आवाज कानी पडणे पुरेसे नव्हते, बोलणारे माणूस समोर असावे लागत होते.

असे का घडते, याचा एक सुंदर धागा जॉर्जीन ट्रोसेथ आणि ज्युडी डीलोश यांच्या १९९८ मधील संशोधनात सापडतो. शेजारच्या खोलीत खेळणे लपवले जात असताना दोन वर्षांच्या मुलांनी ते खिडकीतून पाहिले, तर त्यांना ते सहज सापडे. टीव्हीच्या पडद्यावर पाहिल्यास मात्र त्यांतील अनेक जण गोंधळत. विशेष म्हणजे, आपण खिडकीतूनच पाहत आहोत असा समज करून देऊन प्रत्यक्षात पडदाच दाखवला, तेव्हा मुलांची कामगिरी सुधारली. म्हणजे चित्र त्यांना नीट दिसत होते. पडद्यावरची घटना आपल्या खऱ्या जगाविषयी काही सांगत आहे, एवढेच त्यांनी गृहीत धरलेले नव्हते.

पडद्यावरचे माणूस प्रतिसाद देऊ लागले, तर? २०१४ मधील एका अभ्यासात २४ ते ३० महिन्यांची मुले व्हिडिओ कॉलवरून नवी क्रियापदे शिकली, पण आधी चित्रित केलेल्या संवादातून शिकली नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये एक वर्षाखालील बाळांना पडद्यासमोर मुळीच बसवू नये आणि २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी ही वेळ दिवसाला १ तासापेक्षा अधिक नसावी, असे सुचवले. ही मर्यादा उपयुक्तच आहे; तरीही केवळ मिनिटे मोजल्याने व्हिडिओ कॉलवर आजीशी झालेल्या गप्पा आणि एकापाठोपाठ आपोआप सुरू होणारी कार्टून्स एकाच हिशेबात जातात, हे मला खटकते.

शिवाय या हिशेबात मोठ्यांच्या हातातला फोन येतच नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आया आपल्या दोन वर्षांच्या मुलांना नवे शब्द शिकवत होत्या. मध्येच फोन आल्याने ज्या शब्दाचे शिकवणे तुटले, तो शब्द तितक्याच वेळा ऐकूनही मुलांना आला नाही. अखंड संवादात ऐकलेला शब्द मात्र त्यांना आला.