चुन्याच्या पाण्यात मका शिजतो तेव्हा

भाजीत किंवा कडधान्यात सोडा घालू नये, जीवनसत्त्वं नष्ट होतात, असं आपण शाळेपासून ऐकतो. थायमिनच्या, म्हणजे ब१ जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते खरं आहे. सोड्यासारख्या अल्कलीच्या सान्निध्यात उष्णता मिळाली की त्याचा रेणू तुटतो. पण त्यावरून ‘अल्कली पडली की अन्न निकस झालं’ असा सरसकट निष्कर्ष काढला जातो आणि मक्याच्या बाबतीत तो सपशेल चुकतो. मेक्सिको आणि ग्वाटेमालातले मूलनिवासी समाज किमान तीन हजार वर्षांपासून मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले आहेत. युरोपने त्यांच्याकडून मका नेला, चुना मात्र मागेच राहिला. त्याचे परिणाम पुढच्या पिढ्यांना भोगावे लागले.

अशा शिजवलेल्या मक्याला निक्स्तामाल म्हणतात. कृती अशी: १ किलो वाळलेला मका, ३ लिटर पाणी आणि १० ग्रॅम विरलेल्या चुन्याची कोरडी पूड. चुना आधी थोड्या पाण्यात कालवून मग भांड्यात ओतायचा. पाणी ८५ ते ९५ अंशांवर ठेवायचं, म्हणजे कडेने बुडबुडे यावेत पण खळखळून उकळू नये. अर्धा ते पाऊण तासाने एक दाणा काढून बोटांत चोळायचा. साल सुटून आली, आणि दाणा मोडल्यावर मध्यभागी पांढरा, कोरडा ठिपका दिसला, की आच बंद. मग झाकून ८ ते १४ तास त्याच पाण्यात ठेवायचं. सकाळी दोन पाण्यांनी धुऊन ओलाच मेताते नावाच्या तीन पायांच्या दगडी पाट्यावर वाटायचा. १ किलो मक्याचा पावणेदोन ते दोन किलो गोळा होतो. त्याच्या टॉर्टिया, म्हणजे पातळ भाकऱ्या, थापून तापलेल्या मातीच्या तव्यावर भाजतात. या तव्याला, म्हणजे कोमालला, आधी चुन्याचा हात देतात, म्हणजे टॉर्टिया चिकटत नाही.

आता त्या भांड्यात काय घडतं ते सावकाश पाहू, कारण या तंत्रातली खरी हुशारी तिथे आहे.

चुना, म्हणजे कॅल्शिअम हायड्रॉक्साइड, पाण्यात फार कमी विरघळतो. २० अंशांना एका लिटरमध्ये जेमतेम १.७ ग्रॅम, आणि पाणी जसं तापेल तसा त्याहूनही कमी. साखर-मिठाच्या उलट. म्हणजे आपण घातलेल्या १० ग्रॅमपैकी बराचसा चुना न विरघळता पाण्यात तरंगत किंवा तळाशी राहतो. हा वाया गेलेला चुना नाही, तो साठा आहे. मक्याने पाण्यातले हायड्रॉक्साइड आयन खाल्ले की साठ्यातला चुना विरघळून तूट भरून काढतो. त्यामुळे द्रावण संतृप्त राहतं आणि त्याचा सामू (pH), साध्या तापमानाला मोजला तर, १२.४ च्या वर जात नाही. चुना दुप्पट घातला तरी सामू तोच राहतो. हेच कॉस्टिक सोड्याने करायला गेलं तर तो एकदम सगळा विरघळतो, त्याला अशी मर्यादाच नाही, आणि साल जाता जाता दाणाही जातो. रात्री भांडं निवत जातं तशी चुन्याची विद्राव्यता वाढते. म्हणजे आच बंद झाल्यावरही काम थांबत नाही, ते संथपणे आत सरकत राहतं.

हे काम नेमकं कुठल्या बंधावर होतं? मक्याची साल मुख्यतः अरॅबिनोझायलान या हेमिसेल्युलोजची, म्हणजे पेशीभित्तीतल्या तंतुमय कर्बोदकाची, असते. त्याच्या लांब साखळ्या फेरुलिक आम्लाच्या दुव्यांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. हे दुवे साखळीला ईस्टर बंधांनी जोडलेले असतात आणि ईस्टर बंध अल्कलीत तुटतो. तेलापासून साबण करताना जी अभिक्रिया होते तीच ही. दुवे तुटले की सालीची वीण उसवते, साल डिंकासारखी होते आणि पाणी पिवळं पडतं. नायसिन, म्हणजे ब३ जीवनसत्त्व, पक्व मक्यात बहुतांशी अशाच ईस्टर बंधाने कर्बोदकांना जखडलेलं असतं. आपल्या आतड्यातल्या विकरांना तो बंध तोडता येत नाही, त्यामुळे नायसिन पोटात जाऊनही रक्तात येत नाही. चुना तो बंध तोडतो. चुन्याने नायसिन ‘वाढत’ नाही हे लक्षात घ्यावं. धुण्याच्या पाण्यात काही वाहून जाऊन ते एकूण थोडं घटतंच, पण उरतं ते वापरता येण्याजोगं असतं.

मेक्सिकोत मक्याबरोबर घेवडा खाल्ला जातो, त्याचंही महत्त्व इथेच आहे. शरीर ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून थोडं नायसिन स्वतः बनवतं. सुमारे ६० मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनमागे १ मिलिग्रॅम. मक्यातल्या झाइन या प्रथिनात ट्रिप्टोफॅन जवळजवळ नसतंच. घेवड्यातून ते मिळतं.

आता कॅल्शिअमचा वाटा. चुन्यातले कॅल्शिअम आयन सालीतल्या व पेशीभित्तींतल्या पेक्टिनच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतात. पेठा करताना कोहळं चुन्यात ठेवल्यावर घट्ट होतं ते याच पुलांमुळे. मक्यात ग्लुटेन नसतं, म्हणून नुसत्या पिठाची पातळ टॉर्टिया दुमडली की मोडते. निक्स्तामालात सालीचा डिंक, कॅल्शिअमचे पूल आणि बाहेरच्या थरातल्या स्टार्चची झालेली खळ मिळून गोळ्याला चिवटपणा येतो. मक्याचा स्टार्च ६२ ते ७२ अंशांच्या दरम्यान फुगून त्याची खळ होते. ती फक्त बाहेरच्या थरात व्हावी म्हणून तो मधला पांढरा ठिपका राखायचा. ठिपका गेला की गोळा हाताला चिकटतो, थापता येत नाही. ठिपका फार मोठा राहिला तर टॉर्टियाच्या कडा फाटतात.

चुन्याविना मक्यावर जगलेल्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा रोग झाला: उन्हात उघड्या राहणाऱ्या त्वचेवर चट्टे, जुलाब, बुद्धिभ्रंश आणि मृत्यू. गास्पार कासाल या वैद्याने १७३५ साली स्पेनच्या आस्तुरियास प्रांतात त्याचं वर्णन केलं. पुढे उत्तर इटली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं त्याने पोखरली. तिथे तो संसर्गजन्य आहे असं मानलं जाई. डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर यांनी १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या कैद्यांवर प्रयोग करून दोष आहाराचा असल्याचं दाखवलं, पण नेमका घटक कळण्याआधीच, १९२९ साली, ते वारले. १९३७ मध्ये जीवरसायनशास्त्रज्ञ कॉनराड एल्वेजेम यांनी निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिननेच, कुत्र्यांमधला याच प्रकारचा आजार बरा केला आणि कोडं सुटलं.

हे वाचून कुणी ‘रोज गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा, सत्तर रोग जातील’ या फिरत्या संदेशाला दुजोरा मिळाला असं समजू नये. इथे चुना दाण्यावर काम करतो, खाणाऱ्यावर नाही. बराचसा धुऊन टाकला जातो. नुसता चुना तोंडात टाकला तर तो तोंडातल्या आणि अन्ननलिकेतल्या ईस्टर बंधांशी, प्रथिनांशी तेच करेल जे सालीशी करतो.

बिघडतं कुठे? सर्वात जास्त वेळा जुन्या चुन्यात. उघडा राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी, म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट, बनतो आणि मग तासभर शिजवूनही साल सुटत नाही. चिमूटभर पूड व्हिनेगरमध्ये टाकावी. जोरात फसफसली तर तो चुना उतरला. कळीचा, म्हणजे न विरवलेला, चुना थेट भांड्यात टाकू नये, विरताना तो पाणी उकळवतो आणि डोळ्यांत उडाला तर इजा करतो. आधी वेगळा विरवून थंड करावा. अॅल्युमिनिअमचं भांडं वापरू नये, चुना धातूच खातो आणि हायड्रोजन सुटतो. स्टील किंवा माती चांगली. चुना जास्त झाला तर साठा वाढतो, सामू नाही. पण तो दाण्याला चिकटून राहतो, गोळा गडद पिवळा होतो आणि साबणासारखा वास येतो. फार धुतलं तर सालीचा डिंक जातो आणि टॉर्टिया तुटते.

चुनखडी नसेल तिथे लोकांनी दुसऱ्या वाटा शोधल्या. मेक्सिकोतल्या चियापासचे लाकांदोन माया गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख भाजून चुना करत. अमेरिकेतल्या अॅरिझोनाचे होपी मूलनिवासी झुडपांची राख वापरतात. राखेतल्या क्षारांमुळे पाणी अल्कधर्मी होतं आणि निळ्या मक्यातली अँथोसायनिन रंगद्रव्यं निळीच राहतात. म्हणून त्यांची कागदासारखी पातळ पिकी भाकरी निळी-करडी दिसते.

उरलेल्या पिवळ्या पाण्याला नेहायोते म्हणतात. घरगुती प्रमाणात त्याचा त्रास नाही, पण मोठ्या गिरण्यांतून ते टनावारी निघतं. ते तीव्र अल्कधर्मी असतं, शिवाय सालीचे सेंद्रिय घटक भरपूर, त्यामुळे तसंच नाल्यात सोडलं तर पाण्यातला प्राणवायू संपतो. त्यातून फेरुलिक आम्ल आणि अरॅबिनोझायलान डिंक वेगळे काढण्यावर मेक्सिकोतले संशोधक काम करत आहेत.