ख्रिसमसचं गाणं, पण नेमकं कोणतं?

बर्फ पडतोय, पांढरे फरचे कोट घातलेली पोरं गातायत, शेवटी घंटा वाजतात. एवढंच आठवत असलं की सर्चमध्ये पहिला शब्द पडतो तो 'ख्रिसमस', आणि शोध तिथेच फसतो. हे गाणं ईस्ट 17 या इंग्लिश बँडचं 'स्टे अनदर डे'. 1994 च्या नाताळात ते ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर होतं, पण त्याच्या शब्दांत ख्रिसमस कुठेच नाही. बँडमधल्या टोनी मॉर्टिमरने ते भावाच्या मृत्यूनंतर लिहिलं. नाताळ आणला तो घंटांनी आणि व्हिडिओने. 1857 सालच्या 'जिंगल बेल्स'मध्येही बर्फ आणि घोड्याची घसरगाडी आहे, नाताळचं नाव नाही. म्हणून गाण्याच्या बोलांमध्ये शोधताना 'ख्रिसमस' वगळा आणि पक्के आठवणारे सलग तीन-चार शब्द अवतरणचिन्हांत टाका.

शब्दच आठवत नसतील तर चाल. इथे कुठलं ॲप काय ऐकतं ते माहीत हवं. शझाम हे वाजणारं गाणं ओळखणारं ॲप ध्वनीच्या आलेखातले सर्वांत ठळक बिंदू निवडतं, त्यांच्या जोड्या लावतं आणि प्रत्येक जोडीच्या दोन वारंवारता व मधलं वेळेचं अंतर साठवतं. गोंगाटात काही बिंदू हरवले तरी पुरेशा जोड्या जुळतात, म्हणून हॉटेलातल्या कलकलाटातही ते चालतं. पण जुळवायचं असतं नेमकं तेच ध्वनिमुद्रण. तुम्ही गुणगुणलात की त्या जोड्या उरतच नाहीत.

गुणगुणण्यासाठी गुगल ॲपमधली 2020 पासूनची सोय वापरा. ती वाद्यं आणि आवाजाचा पोत बाजूला सारून फक्त चाल पाहते, पट्टी कोणतीही चालते. दहा-पंधरा सेकंद पुरतात. ध्रुवपद गुणगुणा, सुरुवातीचं वाद्यसंगीत डोक्यात घट्ट बसलेलं असलं तरी त्यावर सहसा काही हाती लागत नाही. आणि हे आधी करा, मग यूट्यूबवर संभाव्य गाणी ऐकत बसा. दोन-तीन गाणी ऐकली की मूळ चालीत त्यांची भेसळ होते.

सूर पक्के नसले तरी चढउतार बहुधा बरोबर आठवतो. डेनिस पार्सन्स यांनी 1975 मध्ये याच आधारावर चालींचा कोशच काढला: पुढचा सूर वर, खाली की तोच, एवढंच लिहायचं. 'जिंगल बेल्स'चं ध्रुवपद ग ग ग, ग ग ग, ग प सा रे ग. म्हणजे सहा वेळा 'तोच', मग वर, खाली, वर, वर. म्युझिपीडिया या साइटवर असा शोध आजही घेता येतो. पेटी वाजवणाऱ्याला दोन मिनिटांचं काम.

चित्रावरून साल ठरवताना जपून. व्हॅम या ब्रिटिश जोडीच्या 1984 च्या 'लास्ट ख्रिसमस'चा व्हिडिओ 2019 मध्ये 4के म्हणजे जास्त सुस्पष्ट करून पुन्हा आला, त्यामुळे चकचकीतपणा काहीच सांगत नाही. शिवाय ते गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोचलं जानेवारी 2021 मध्ये! तुम्ही ते कधी पाहिलंत यावरून ते कधीचं, हे कळत नाही.

नाव सापडलं तरी खात्री करा. तीन राजे आणि येशूजन्माची दृश्यं आठवत असतील तर ते बहुधा फ्रँकी गोज टू हॉलिवूड या बँडचं 1984 चं 'द पॉवर ऑफ लव्ह'. जेनिफर रश आणि ह्युई लुइस यांची याच नावाची वेगळी गाणी त्याच एक-दोन वर्षांतली आहेत. तेव्हा शोधताना बँडचं नाव जोडा.