फांद्या झुकल्या म्हणून विलो होत नाही

सोसायटीच्या फाटकाशी किंवा बागेच्या कडेला फांद्या खाली सोडलेलं झाड दिसलं, की लोक त्याला 'वीपिंग विलो' म्हणून मोकळे होतात. महाराष्ट्रात ते बहुतेक वेळा बॉटलब्रश असतं. खरा वीपिंग विलो मूळचा चीनचा. आपल्याकडे तो पाहावा काश्मीरच्या पाण्याकाठी. बॉटलब्रश ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडचा. तो जांभूळ आणि निलगिरीच्या कुळातला, म्हणजे विलोशी त्याचं काहीच नातं नाही.

दोघांच्याही फांद्या लोंबतात, पानं अरुंद असतात आणि फांदीवर एकाआड एक येतात. म्हणून लांबून बघून निकाल देऊ नये. एक पान हातात घ्यावं. विलोचं पान मऊ आणि पातळ, बऱ्याचदा ८ ते १६ सेंमी लांब, टोकाकडे निमुळतं होत गेलेलं. त्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर बारीक दाते लागतात, आणि उलटं केलं की पाठ फिकट दिसते. बॉटलब्रशचं पान सहसा आखूड, जाडसर, कडेला गुळगुळीत. ते चुरगळून हुंगा. त्यात तेलाच्या ग्रंथी असतात, त्यामुळे निलगिरीच्या जातीचा उग्र वास येतो. विलोच्या पानाला असा वास येत नाही. माझा सगळ्यात जास्त भरवसा या वासावरच आहे.

फुलांत तर गफलत होऊच नये. बॉटलब्रशचे लाल तुरे बाटली धुण्याच्या ब्रशसारखे. विलोचे तुरे लहान, हिरवट-पिवळे, वसंतात नव्या पालवीबरोबर येणारे. बहर नसला तरी बॉटलब्रशच्या फांदीला लाकडासारखी कडक, गोल बोंडं चिकटून असतात, कित्येकदा वर्षानुवर्षं. हिवाळ्यात विलो निष्पर्ण होतो, बॉटलब्रश हिरवाच राहतो.

विलोचा सख्खा भाऊबंद मात्र आपल्या ओढ्यानाल्यांच्या काठी उभा आहे: वाळुंज. त्याच्या फांद्या तशा लोंबत नाहीत आणि पानही जरा रुंद असतं, त्यामुळे विलो शोधणाऱ्यांची नजर त्याच्यावर ठरत नाही, याची मला फार हळहळ वाटते. त्याचंही पान उलटं करून बघा. कडेचे बारीक दाते आणि फिकट पाठ, दोन्ही खुणा तिथे सापडतील.