वॅगनरचं कार्ड इतकं दुर्मिळ का?

जुनं तेवढं दुर्मिळ, हा हिशेब सिगारेटच्या पाकिटातून आलेल्या अमेरिकन बेसबॉल कार्डांना लागू पडत नाही. अमेरिकन टोबॅको कंपनीनं १९०९ ते १९११ या काळात काढलेल्या ‘टी-२०६’ संचातली साधी कार्डं शंभरी उलटूनही भरपूर सापडतात. त्याच संचातली बेसबॉलपटू होनस वॅगनरची कार्डं मात्र जेमतेम पन्नास-साठ. त्यातल्या एकाला २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलर मिळाले.

कार्ड म्हणजे काडेपेटीहून जरा लांबट पुठ्ठा. मऊ पाकीट चेपू नये म्हणून आत सरकवलेला. पुढे खेळाडूचं चित्र, मागे ब्रँडची जाहिरात. पीडमाँट, स्वीट कॅपोरल असे एकूण १६ ब्रँड होते आणि त्यातल्या एकाचं नाव चक्क ‘हिंदू’! मोठी माणसं सिगारेट ओढायची, चित्रं पोरांच्या खिशात जायची. ‘टी-२०६’ हा क्रमांक कंपनीचा नव्हे. तो जेफरसन बर्डिक या संग्राहकानं पुढे आपल्या सूचीत दिला.

वॅगनर हा पिट्सबर्गच्या संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक), त्या काळातलं फार मोठं नाव. न्यूयॉर्क राज्यात १९०३ पासून कायदा होता की जाहिरातीसाठी कुणाचं नाव वा चित्र वापरायचं तर त्याची लेखी संमती हवी. वॅगनरची संमती मिळवून दिल्यास १० डॉलर देऊ, असं कंपनीनं जॉन ग्रुबर या पिट्सबर्गच्या क्रीडालेखकाला कळवलं. वॅगनर नाही म्हणाला. वर ग्रुबरचं नुकसान नको म्हणून त्यानं स्वतःच १० डॉलरचा चेक धाडला. कार्डाची छपाई थांबली, पण काही कार्डं तोवर बाहेर पडली होती.

तो नाही का म्हणाला? चित्रापायी पोरांनी सिगारेट विकत घेऊ नये म्हणून, असं सांगतात. पण वॅगनर स्वतः तंबाखू चघळायचा आणि त्याआधी एका सिगारवर त्याचं चित्रही झळकलं होतं. त्यामुळे खरा वाद पैशाचा होता, असं म्हणणारेही आहेत. मला ते पटत नाही. पैशासाठी अडून बसलेला माणूस असा चेक कशाला धाडेल?

त्याच संचातलं एडी प्लँक या खेळाडूचं कार्डही असंच विरळ. छपाईचा साचा खराब झाला म्हणतात, कुणी संमतीचंच कारण देतात. पुरावा कशालाच नाही. शेरी मॅगी या खेळाडूच्या कार्डावर आडनावाच्या स्पेलिंगमध्ये ‘ई’च्या जागी ‘आय’ पडला. चूक लवकर सुधारली, म्हणून चुकीचीच कार्डं मोलाची ठरली.

जो डॉयलची गंमत तर याहून भारी. तो न्यूयॉर्कच्या अमेरिकन लीगमधल्या संघाचा पिचर (चेंडू टाकणारा). त्याच शहरातल्या दुसऱ्या, नॅशनल लीगमधल्या संघात लॅरी डॉयल होता. दोघांची गल्लत होऊन जोच्या कार्डावर ‘नॅशनल’ छापलं गेलं आणि मग ते खोडलं. अशी कार्डं डझनभर असतील-नसतील, म्हणजे वॅगनरहूनही कमी. भाव मात्र वॅगनरइतका नाही, कारण जो डॉयलला विचारतो कोण!