जुनी खुर्ची घेताय? आधी टेबलाखाली टेप लावा

फोटो बघून "हीच पाठवून द्या" असा मेसेज येतो, आम्ही पाठवतो, आणि तिसऱ्या दिवशी फोन येतो की खुर्ची टेबलाखाली जातच नाहीये हो. टेम्पोचं भाडं तुमचं, दिवस आमचा मोडतो, आणि चढवता-उतरवताना खुर्चीचे सांधे ढिले होतात ते वेगळंच. म्हणून हे लिहून ठेवलंय.

टेबलाची उंची विचारली की सगळे सांगतात 30 इंच, पण ती वरची झाली. फळीच्या खाली जी आडवी पट्टी असते ना, तिच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा, ते कधीकधी 25च भरतं. हातवाली खुर्ची घेणार असाल तर तिचे हात त्याच्याही खाली पाहिजेत, नाहीतर खुर्ची कायम दोन वीत बाहेर. बैठक आणि टेबलाची वरची कड यात 10 ते 12 इंच अंतर असलं की जेवायला, लिहायला बरं पडतं. वर गादी टाकणार असाल तर तीही धरा, बसल्यावर दबून जेवढी उरते तेवढी.

मग पुढचा प्रश्न ठरलेला, "पाय इंचभर कापून द्या ना". नाही कापत. यावरून लोक रागावतात, पण इराणी हॉटेलातली ती वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या, मूळ डिझाइन व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीचं, 1859चं, 14 नंबर. तिचे मागचे पाय आणि पाठ म्हणजे वाफेवर वाकवलेली एकच अख्खी दांडी आहे, आणि पाय खाली निमुळते होत जातात. कापलात की ठोकळ्यावर उभी केल्यासारखी दिसते, परत जोडता येत नाही आणि उद्या विकायला काढलीत तर किंमत पडते ती पडतेच. उंची वाढवायची असेल तर पायाखाली लाकडाचे तुकडे लावून देतो, ते काढता येतात.

आणि वाकवलेली दिसली की थोनेट असं नसतं. पेटंट 1869 ला संपलं, मग कोन, मुंडुस अशा बऱ्याच कंपन्यांनी तशाच काढल्या. बैठकीच्या कडीला आतून कागदी लेबल किंवा शिक्का आहे का बघायचं. तो नसेल तर आम्ही थोनेट म्हणून विकत नाही आणि तेवढा भावही लावत नाही. बाजारात स्वस्त दिसते तिथेसुद्धा आधी खुर्ची उलटी करून बघा.

वेताचंही तसंच, उलटी केल्यावर कडेने ओळीने भोकं दिसली तर वीण हाताची. खाचेत पट्टी ठोकून बसवलेली असेल तर तयार जाळी, ती वाईट नाही, पण दोन्हीचा भाव सारखा कसा असेल?

ऑफिसवाल्यांना स्पष्टच सांगतो, दिवसाचे आठ तास कॉम्प्युटरवर बसायला ही खुर्ची नाही, आमचं गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. भेटायला येणाऱ्यांसाठी, मीटिंगला, रिसेप्शनला मस्त. एसीत वेत कोरडा पडून तुटतो, म्हणून महिन्यातून एकदा खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसा आणि रात्रभर वाळू द्या, सैल पडलेला थोडा ताणूनही बसतो. खुर्चीच्या हातांवर सॅनिटायझर सांडू देऊ नका, आमचं पॉलिश लाखेचं आहे, स्पिरिटने विरघळतं. मेलामाइनचं पॉलिश का नाही मारत असं विचारतात, तर लाखेवर ओरखडा आला तर तेवढाच भाग परत करता येतो, मेलामाइन सगळं खरवडावं लागतं.

तेव्हा पट्टीखालचं माप आणि टेबलाचा खालून काढलेला फोटो आधी पाठवा. सहा-आठचा सेट घ्यायचा असेल तर डिपॉझिट ठेवून एक खुर्ची दोन दिवस घरी न्या, बसून जेवून बघा, घरातल्या सगळ्यात उंच आणि सगळ्यात बुटक्या माणसालाही बसवा आणि मग सांगा.